कचेरीतला नवा मुनशी आणि आपली सही

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिवाळे येथे केलेले भाषण)





आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार फार थोडा आहे, हे आरंभीच कबूल करतो. मी भाषा व इतिहास शिकविणारा मास्तर. संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. तरीही संस्थेच्या चिटणीसांनी मला हा विषय दिला, त्याला एक कारण घडले.

काही महिन्यांपूर्वी पालकसभा आटोपल्यावर एक पालक मागे थांबले. बेलापूरच्या एका खाजगी कचेरीत ते कारकून आहेत. म्हणाले, "सर, आमच्या ऑफिसच्या संगणकावर एक नवे बटण आले आहे. त्याला काहीही विचारा, लिहून देते. साहेब म्हणतात, वापरा, फुकट आहे. हेडक्लार्क म्हणतात, हात लावू नका, नोकरी जाईल. आणि घरी मुलगा म्हणतो, अब्बा, एवढे साधे तुम्हांला कसे येत नाही? आता मी कोणाचे ऐकू?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. परंतु प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. दिवाळे, बेलापूर, नेरुळ, तुर्भे या पट्ट्यांत राहणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांतील कोणी ना कोणी आज संगणकापुढे बसते. म्हणून साहेब, हेडक्लार्क आणि मुलगा या तिघांची तीन वाक्ये मी एकेक करून आपल्यापुढे मांडतो.

पहिले वाक्य साहेबांचे : हे फुकट आहे.

पूर्वी कचेरीत संगणकाची आज्ञावली, म्हणजे आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो ते, एकदाच विकत घेत. आता तसे राहिले नाही. मासिकाची वर्गणी भरावी तशी पत्रे लिहिण्याच्या, हिशेबाच्या आणि टपालाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी माणशी भरावी लागते. वर्गणी थांबली की सोय थांबली. मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या दोन अमेरिकन कंपन्यांची अशी सॉफ्टवेअरे आपल्याकडील बहुसंख्य कचेऱ्यांत दिसतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' नावाचा संभाषण करणारा सहायक जगापुढे आला आणि मोठी खळबळ उडाली. मग या दोन्ही कंपन्यांनी आपापले सहायक काढले. मायक्रोसॉफ्टचा 'कोपायलट' आणि गुगलचा 'जेमिनी'. आरंभी दोघांनीही त्यांचे वेगळे पैसे घेतले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांना तो विकावयास काढला, तेव्हा नेहमीच्या वर्गणीखेरीज माणशी महिना ३० डॉलर असा भाव होता. एवढा पैसा कोण देणार? जानेवारी २०२५ मध्ये दोघांनीही धोरण बदलले. गुगलने सहायक कचेऱ्यांच्या वर्गणीतच घालून टाकला. मायक्रोसॉफ्टनेही कचेरीचे खाते असलेल्यांना साधे संभाषण जादा पैसे न घेता देऊ केले. आपल्या पालकांच्या पडद्यावर एके सकाळी जे बटण उगवले, त्याचे मूळ येथे आहे. कोणी अर्ज केला नव्हता, मुलाखत झाली नव्हती. नवा मुनशी आपणहून येऊन खुर्चीवर बसला.

तर मग तो फुकट काम करतो का? गुगलची जी मधली वर्गणी अमेरिकेत माणशी महिना १२ डॉलर होती, ती सहायकासह १४ डॉलर झाली. पूर्वी सहायक वेगळा घेतला तर ३२ डॉलर पडत. त्या मानाने स्वस्त झाले खरे. पण ज्याला सहायक नकोच होता, त्यालाही दोन डॉलर भरणे आले. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांच्या वर्गणीतही तो घातला व दर वाढविला. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावरून न्यायालयात फिर्याद केली. सहायकाशिवायची जुनी, स्वस्त वर्गणी उपलब्ध असूनही सुमारे २७ लाख ग्राहकांना ती नीट सांगितली गेली नाही, असे आयोगाचे म्हणणे. पुढे कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि जुन्या वर्गणीवर परत जाणाऱ्यांना फरकाची रक्कम देऊ केली.

विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्हांलाही लागू आहे. २०२५ साली आपल्या देशात एअरटेलने एक सहायक वर्षभर फुकट दिला, जिओने दुसरा अठरा महिने फुकट दिला. मुदत संपल्यावर काय, हे घेतानाच विचारावे. बाजारात चव बघावयास दिलेली खजुराची फोड फुकटच असते, परंतु दुकानदार काही धर्मादाय दुकान मांडून बसलेला नसतो.

एवढे बोलल्यावर दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या मुनशीच्या हातून आपल्या माणसांचा फायदा होतो, आणि तो लहान नाही.

मी एक उदाहरण पाहिले आहे. तुर्भ्याकडच्या एका कारखान्याच्या कोठारात आमचे एक पालक काम करतात. मालाची इतकी नेमकी माहिती कोणाला नसेल. पण त्यांचे शिक्षण दहावीपर्यंत, आणि इंग्रजी पत्र लिहावयाचे म्हटले की घाम फुटे. कमी माल आला, फुटका आला, तर त्याची तक्रार लिहिण्यासाठी ते दुसऱ्या विभागातील एका तरुणाची मनधरणी करीत. वीस वर्षे अनुभवी माणसाने चार ओळींसाठी कोणाच्या तरी टेबलापुढे उभे राहावे, ही काय गोष्ट आहे ती ज्याच्यावर गुजरली त्यालाच कळेल. आता ते मराठीत सांगतात, "अमुक तारखेस इतके नग आले, इतके फुटके निघाले, बदलून द्यावेत," आणि सहायक त्याचे नीट इंग्रजी पत्र करून देतो. माल त्यांनी मोजलेला असतो, आकडे त्यांचे असतात, भाषा तेवढी यंत्राची असते. ते मला म्हणाले, "सर, आता मी कोणाला चहा पाजत नाही." यात हसण्यासारखे आहे आणि डोळे ओले होण्यासारखेही आहे.

लांबलचक परिपत्रकाचा सारांश, हिशेबाच्या तक्त्यातील सूत्र, सभेच्या टिपणांवरून इतिवृत्ताचा कच्चा मसुदा, ही कामे तो चटकन करतो. तेव्हा 'हात लावू नका' हे हेडक्लार्क साहेबांचे वाक्य जसेच्या तसे मला मान्य नाही. पण त्यांची भीती खोटी आहे का? नाही. त्या भीतीला दोन कारणे आहेत, आणि त्यांपैकी पहिले मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो.

ही गोष्ट सांगताना मला संकोच होतो. शाळेच्या कार्यालयातही अशाच वर्गणीबरोबर एक सहायक आलेला आहे. शिष्यवृत्त्यांची माहिती पालकांना कळविण्याचे काम माझ्याकडे होते. प्रगतिपुस्तकांचे दिवस, वेळ थोडा. मी सहायकाला सांगितले, अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीविषयी पालकांसाठी सूचना तयार करून दे. अर्ध्या मिनिटात सूचना तयार झाली. मराठी इतके स्वच्छ की मी स्वतः लिहिले असते तर दोन ठिकाणी खाडाखोड झाली असती. त्यात लिहिले होते, पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येईल, उत्पन्नाचा दाखला जोडावा. मी सही केली आणि सहावीच्या वर्गात वाटली.

आता वस्तुस्थिती ऐका. केंद्र सरकारने ही शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून नववी व दहावीपुरतीच ठेवली. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहेच, असे कारण त्या वेळी देण्यात आले. म्हणजे सहावीच्या मुलांना ती लागूच नव्हती. मी शिक्षक, मला हे ठाऊक असावयास हवे होते. ठाऊक होतेही, पण ती सुंदर सूचना वाचताना माझे डोळे भाषेवरून घसरत गेले, मजकुरावर थांबले नाहीत.

वर्गातील एका मुलीची आई घरोघर स्वयंपाकाची कामे करते. तिने दाखल्यासाठी ठाण्याला दोन खेपा केल्या. दोन दिवसांची मजुरी बुडाली, एका घरचे काम सुटायची वेळ आली. अर्ज भरावयास गेली तेव्हा तिला सांगण्यात आले की सहावीला ही शिष्यवृत्ती नाही. ती शाळेत आली. रागावली असती तर मला बरे वाटले असते. ती शांतपणे म्हणाली, "सर, कागदावर सही तुमची होती, म्हणून मी गेले."

मला बोलायला जागा नव्हती. 'ते संगणकाने लिहिले होते' हे वाक्य माझ्या जिभेवर आले होते, ते मी गिळले. तिने संगणकावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्यावर ठेवला होता.

असे का होते, ते थोडे समजून घेऊ. हा सहायक एखाद्या विद्वानाप्रमाणे विचार करून उत्तर देतो, असा पुष्कळांचा समज असतो. त्याची रीत वेगळी आहे. त्याला अफाट लिखाण पुरविलेले असते. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे तो त्यावरून शिकलेला असतो, आणि त्याच हिशेबाने वाक्य जुळवीत जातो. त्या शिष्यवृत्तीबद्दल वर्षानुवर्षे लिहिलेल्या मजकुरात 'पहिली ते दहावी' हेच शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. नियम बदलला, पण जुना मजकूर पुसला गेला नाही. म्हणून यंत्राच्या दृष्टीने जुने वाक्यच अधिक संभवनीय ठरले. काही सहायक आता इंटरनेटवर शोध घेऊन मग उत्तर देतात. त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत. आणि मुख्य गोष्ट ही की, खरे सांगताना त्याचा सूर जेवढा ठाम असतो तेवढाच खोटे सांगतानाही असतो. माणूस अडखळला, नजर चुकवू लागला की आपल्याला शंका येते. या मुनशीची नजर कधी चुकत नाही.

ही चूक माझ्यासारख्या मास्तराचीच होते असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आयकराचे एक प्रकरण आले. एका कंपनीचे उत्पन्न सुमारे २७ कोटी ९१ लाख रुपये ठरविणारा आकारणी आदेश होता. त्या आदेशात आधारासाठी दिलेले तीन न्यायनिर्णय मुळात अस्तित्वातच नव्हते! न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या गोष्टींवर विसंबण्याकडे कल होतो, पण न्यायनिवाड्यासारखे अधिकार वापरताना त्या पडताळल्यावाचून आंधळेपणाने घेऊ नयेत, अशा अर्थाची समज न्यायालयाने दिली. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात डेलॉइट या जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीने सरकारला दिलेल्या अहवालात न झालेल्या संशोधनाचे दाखले निघाले, आणि कंपनीला मोबदल्याचा काही भाग परत करावा लागला. कारकून असो, अधिकारी असो की मोठी कंपनी असो, न वाचता सही केली की फळ एकच.

आपल्याला ही पडताळणीची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. मक्तबात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी सांगितली जाते, आणि त्या साखळीतील माणसांची पारख करून मगच ती ग्राह्य धरली जाते. तिला आपण सनद म्हणतो. वाक्य सुंदर आहे एवढ्यावर आपल्या पूर्वजांनी कधी भागविले नाही. 'तुला कोणी सांगितले?' असे त्यांनी विचारले. यंत्रालाही तोच प्रश्न विचारावा, आणि त्याने नाव सांगितले तर त्या ठिकाणी स्वतः जाऊन पाहावे. सरकारी योजना असेल तर सरकारचा मूळ कागद, कायदा असेल तर कायद्याचे कलम, आकडा असेल तर आपली वही. या दिवाळ्याच्या धक्क्यावर होडी लागते तेव्हा आपले कोळी बांधव जाळ्यात आले ते सगळे टोपलीत भरून बाजारात नेत नाहीत. निवडतात. त्यात मासळी असते, तसा कचराही असतो. निवडण्याचे काम जाळे करीत नाही.

हेडक्लार्क साहेबांच्या भीतीचे दुसरे कारण आहे अमानत.

कचेरीचे कागद आपले नसतात. ते आपल्यापाशी ठेवायला दिलेले असतात. गिऱ्हाइकांची नावे, पगाराचे आकडे, रुग्णांचे अहवाल, विद्यार्थ्यांचे गुण. सहायकापुढे एखादा कागद ठेवला की तो आपल्या टेबलावरून उठून दुसऱ्याच्या संगणकाकडे गेला. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग कंपनीत २०२३ साली असे झाले. तेथील काही कामगारांनी मदतीसाठी कंपनीच्या गुप्त आज्ञावलीचा भाग बाहेरच्या सहायकाला दिला. कंपनीला कळल्यावर तिने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्याकडे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले की कचेरीच्या संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, कारण सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका आहे.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. कचेरीने भरलेल्या वर्गणीत जो सहायक येतो, त्याच्याबाबत या दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या करारात असे असते की कचेरीचा मजकूर तिच्या परवानगीवाचून आपली यंत्रे शिकविण्यासाठी वापरणार नाही. स्वतःच्या मोबाइलवरच्या फुकट खात्याला तसे संरक्षण असतेच असे नाही. तेथे आपण लिहिलेले शिकवणीसाठी वापरले जाऊ शकते, आणि नको असेल तर ती सोय आपण स्वतः बंद करावी लागते. पुष्कळ जण नेमके उलट करतात. कचेरीतल्या बटणाला घाबरतात आणि कचेरीच्या कागदाचा फोटो काढून आपल्या मोबाइलवरच्या सहायकाला देतात! हे करू नये. नोकरी जाण्याची भीती आहे म्हणून तर नव्हेच, तर ती दुसऱ्याची वस्तू आहे म्हणून. आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण अमानत जपावी हे शिकण्यासाठी आपण कायद्याची वाट पाहिली नव्हती.

आणखी एक बारकावा. कचेरीचे कागद शोधून उत्तर देणारा जो पूर्ण सहायक असतो, तो विचारणाऱ्या माणसाला जे कागद उघडण्याची मुभा आहे त्यांतच शोधतो. पण कोणी निष्काळजीपणे पगारपत्रक सर्वांना खुले ठेवले असेल तर? पूर्वी ते शंभर कागदांखाली दबलेले असे, कोणाला सापडत नसे. आता प्रश्न विचारताच ते वर येते. कपाटाला कुलूप नव्हते, हे नवा मुनशी आल्यावर कळते. म्हणून आपल्यापैकी जे हेडक्लार्क किंवा व्यवस्थापक असतील त्यांनी आधी कुलपे तपासावीत.

आता तिसरे वाक्य. अब्बांना येत नाही म्हणून हसणाऱ्या मुलाचे.

बाळांनो, जरा मागे वळून पाहा. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जेथे भातखाचरे, मिठागरे व खाडी होती तेथे कचेऱ्या आल्या. त्या कचेऱ्यांच्या आत साध्या घरातील मुलगा कोणत्या वाटेने शिरला? बहुधा टंकलेखनाच्या वाटेने. संध्याकाळी टायपिंग क्लास, सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र, मग कारकुनाची जागा. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबविले. यंत्र गेले. पण ते शिकलेली माणसे सगळी गेली का? ज्यांना नुसती बोटे चालविता येत होती ती मागे पडली. पत्रात काय लिहावे, कोणते कलम लागू आहे, कोणता कागद कोणाकडे जातो हे ज्यांना कळत होते ती संगणकावर बसली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम तुमच्यापैकी कित्येकांच्या अम्मी-अब्बांनी नोकरी सांभाळून पुरा केला आहे. तेव्हा तुमचे अब्बा मागासलेले नाहीत. त्यांनी एका आयुष्यात दोन यंत्रे बदललेली पाहिली आहेत.

माझी खरी काळजी त्यांच्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. कोठारातल्या त्या गृहस्थांना माल कळतो, म्हणून यंत्राने पत्रात चूक केली तर ती त्यांच्या ध्यानात येते. तुम्हांला अजून काही कळावयाचे आहे. कळण्याआधीच तुम्ही लिहून घेऊ लागलात तर चूक पकडणार कोण? नववीच्या वर्गात मी रजेचा अर्ज लिहावयास दिला होता. काही अर्ज विलक्षण चांगले आले. एका मुलाला मी विचारले, "अर्जात 'अपरिहार्य कारणास्तव' असे लिहिले आहेस. काय होते रे ते कारण?" तो गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, अपरिहार्य म्हणजे काय?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला माझी ती सूचना आठवली. त्याची आणि माझी चूक एकाच जातीची होती. दोघांनीही जे नीट वाचले नव्हते त्याच्याखाली आपले नाव लिहिले होते.

कारकुनाने आरंभीची पाच-सात वर्षे जी पत्रे लिहिली, खोडली, साहेबांची बोलणी खाल्ली, त्यांतूनच तो शहाणा झाला. तो आरंभीचा मसुदा आता यंत्र करू लागले आहे. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्याच झिजू लागल्या आहेत. ज्यांच्या घरी आधीच दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांच्या मुलांना शिडीवर वरूनच हात द्यायला कोणी तरी असते. आपल्या मुलांचे तसे नाही. आपल्याला खालच्या पायरीवरूनच चढावयाचे आहे. म्हणून ती पायरी शाळेतच पक्की करावी लागेल. पहिला मसुदा आपल्या हाताने, आपल्या अकलेने. मग खुशाल सहायकाला दाखवा, चुका विचारा, 'हे वाक्य असे का बदललेस' म्हणून त्याच्याशी वाद घाला. अशा रीतीने वापरला तर तो चांगला शिक्षकही होतो, आणि रात्री दहा वाजता शंका विचारली तरी कंटाळत नाही, जे मला जमेलच असे नाही.

पालकांना विनंती एवढीच की मुलाने लिहिलेला कागद घरी हातात घ्या आणि विचारा, "हे मला समजावून सांग." तुम्ही शिकलेले नसलात तरी चालेल. ज्याला स्वतःला कळले आहे तो तुम्हांला सांगू शकेल. जो सांगू शकत नाही त्याचे ते लिखाण नव्हे. ही परीक्षा घेण्यासाठी कोणत्याही पदवीची गरज नाही.

आता त्या पालकांना माझे उत्तर देऊन भाषण आटोपतो. साहेबांना म्हणावे, फुकट नाही, वर्गणीत धरलेले आहे, म्हणून उपयोग होतो की नाही याचा हिशेब ठेवू. हेडक्लार्क साहेबांना म्हणावे, हात लावू, पण कोणता कागद त्याला दाखवावयाचा आणि कोणता नाही, हे कचेरीने एकदा लेखी ठरवून द्यावे. आणि मुलाला म्हणावे, बाळ, मला बटण कसे दाबावे ते तू शिकव, आणि आलेले उत्तर खरे की खोटे ते कसे ओळखावे हे मी तुला शिकवितो.

आमच्या शाळेच्या कार्यालयात त्या प्रसंगानंतर एक साधा नियम आम्ही केला आहे. पालकांसाठी निघणारी प्रत्येक सूचना, ती कोणीही लिहिलेली असो, मूळ सरकारी कागद शेजारी ठेवून दोन जण वाचतात आणि दोघेही सही करतात. थोडा वेळ जातो. त्या मुलीच्या आईचे गेलेले दोन दिवस मी भरून देऊ शकलो नाही. मजुरीची रक्कम देऊ केली, ती तिने घेतली नाही. म्हणाली, "मुलगी नववीत गेली की मला तेव्हाचा नियम बरोबर सांगा, म्हणजे झाले." तो उत्पन्नाचा दाखला तोवर जुना होईल, नवा काढावा लागेल, आणि नियमही कदाचित बदललेले असतील. त्या दिवशी सहायकाला मी जरूर विचारीन. पण मूळ कागद मी स्वतः वाचीन, आणि मगच सही करीन.